खडीचा रस्ता आणि अपुरी सवड

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे एक लहानसे शहर आहे. इ. स. २००६ साली तेथून ३४ स्वार सायकलींवर बसून निघाले. तोडावयाचे अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटर. आणि तेही डांबरी सडकेवरून नव्हे, तर कुरणाकुरणांतून जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवरून, एका दमात. जिम कमिन्स व जोएल डाइक या दोघांनी ही शर्यत सुरू केली. 'डर्टी कॅन्झा' या तिच्या पहिल्या नावात कॅन्सस ज्यांच्यावरून ओळखले जाते त्या मूळच्या लोकांचा उल्लेख होता, आणि 'डर्टी' म्हणजे मळकट हे विशेषण त्यास जोडणे अनेकांस खटकत असे. पुढे २०२० साली ते नाव टाकण्यात आले आणि 'अनबाउंड' हे नवे नाव आले. आता तेथे हजारोंनी माणसे जमतात. त्यांत धंदेवाईक स्वार असतात, परंतु खरी गर्दी असते ती नोकरीचाकरी करणाऱ्या हौशी मंडळींची. ज्यास कचेरी आहे, घरी मुलेबाळे आहेत, आणि आठवड्यातून सहा-आठ तासांपलीकडे सवड नाही, अशा माणसाने पंधरा-वीस तास चालणाऱ्या या दिव्याची तयारी करावी तरी कशी?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. सायकलच्या लांब पल्ल्याच्या शर्यती जन्मल्या त्याच मुळी खडीच्या रस्त्यांवर. आणि सवडीचा वादही त्यांच्याबरोबरच जन्मला.

१८९१ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये बोर्दो ते पॅरिस अशी सुमारे ५७० किलोमीटरांची शर्यत झाली. स्वारांस काही दिवस लागतील, ते वाटेत मुक्काम करतील, अशी चालकांची कल्पना होती. म्हणून त्यांनी ठिकठिकाणी बिछाने मांडून ठेवले होते. ते बिछाने तसेच राहिले. जॉर्ज पिल्किंग्टन मिल्स नावाचा इंग्रज तरुण २६ तास व काही मिनिटांत पॅरिसला पोहोचला, आणि त्याच्यामागून आलेले तिघेही इंग्रजच होते. या मिल्सने १८८६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पुढे उंच चाक व मागे इवलेसे चाक असलेल्या जुन्या पद्धतीच्या सायकलीवरून इंग्लंडचे दक्षिण टोक ते स्कॉटलंडचे उत्तर टोक हा प्रवास ५ दिवस १ तास ४५ मिनिटांत केला होता. तशा सायकलीवरचा त्याचा तो उच्चांक २०१९ सालापर्यंत कोणास मोडता आला नाही!

मिल्स हा हौशी स्वार होता. सायकलींच्या कारखान्यात यंत्रविशारद म्हणून काम करून तो पोट भरी. इंग्लंडातील सायकल-संघाचा आग्रहच असा होता की, आपले स्वार धाडावयाचे तर शर्यतीत धंदेवाईकांस मज्जाव असावा. या आग्रहात खिलाडूपणाइतकाच वर्गाचा अभिमानही होता, हे लपविण्यात अर्थ नाही. बक्षिसाच्या पैशावर जगणारा तो हलका, आणि ज्यास पैशाची गरज नाही तो सभ्य, अशी ती वाटणी होती. त्यात गंमत अशी की, या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग उभा होता. त्यास बक्षीसही नको होते आणि स्वस्थ बसून खाण्याइतकी इस्टेटही त्याच्यापाशी नव्हती. तो सहा दिवस राबे आणि सातव्या दिवशी सायकल मारी. पुढील इतिहास बराचसा त्याचाच आहे.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत झाली. दोनशेंहून अधिक स्वार निघाले. जेमतेम शंभर परतले. येथे मात्र धंदेवाईक शार्ल तेराँ जिंकला. ब्रेस्टहून परतताना त्याचा प्रतिस्पर्धी झिएल-लावाल पुढे होता. दोन रात्री उलटल्यावर झिएल-लावालने थोडी झोप घेतली, आणि ती संधी साधून तेराँ त्यास न कळत पुढे निघून गेला. एकाहत्तर तासांहून थोड्या अधिक वेळात, एकदाही न झोपता, तो पहाटे पॅरिसला आला, त्या वेळी हजारो लोक त्याच्यासाठी जागत उभे होते. त्याच्या सायकलीस मिशलँ बंधूंचे नवे, काढता-घालता येणारे हवेचे टायर होते. चाक फुटले तर रस्त्याच्या कडेस बसून दुरुस्त करता येत असे. खडीच्या रस्त्यावरील शर्यत पायांइतकीच टायरावर अवलंबून असते, हे त्या दिवशी प्रथम सिद्ध झाले.

ज्या रस्त्यांवर हे सर्व घडले ते रस्ते जॉन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाच्या पद्धतीचे होते. हाताने फोडलेली लहान लहान खडी थरांनी पसरावयाची आणि गाड्यांच्या लोखंडी धावांखाली ती आपोआप दाबली जाऊ द्यावयाची, एवढीच त्याची युक्ती. खडीवर खडी घासून जी बारीक पूड होई तीच पाण्याने भिजून चुन्यासारखी सांधे भरी. परंतु मोटार आली आणि हे गणित बिघडले. तिच्या वेगवान रबरी चाकांनी ती पूड धुळीच्या लोटांत उडवून दिली. सांधे सुटले, रस्ते उखडले. तेव्हा खडीवर डांबर ओतणे भाग पडले. चांगल्या रस्त्यांसाठी प्रथम ओरड केली ती मात्र मोटारवाल्यांनी नव्हे, सायकलस्वारांनी. १८८० साली स्थापन झालेल्या अमेरिकन स्वारांच्या संघाने १८९२ पासून चांगल्या रस्त्यांच्या प्रचारासाठी एक मासिकच चालविले होते. त्यांच्या पणतवंडांनी तो गुळगुळीत रस्ता सोडून, वाट वाकडी करून, पुन्हा खडी शोधत जावे, हा दैवाचा विनोदच म्हणावा.

कॅन्ससमध्ये ती खडी त्यांस मुबलक सापडली. त्या प्रदेशाची मोजणी मैलामैलाच्या चौकोनांनी झालेली असल्याने बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते सर्वत्र गेले आहेत, आणि वस्ती विरळ असल्याने त्यांस डांबर लाभलेले नाही. एम्पोरियाच्या भोवतालच्या टेकड्यांस गारगोटीच्या टेकड्या म्हणतात. माती उथळ, खाली चुनखडी आणि गारगोटी. म्हणून नांगर चालला नाही, आणि म्हणूनच उंच गवताची ती जुनी कुरणे शिल्लक राहिली. ज्या दगडाचे पूर्वी बाणांची टोके करण्यासाठी तुकडे पाडीत, तोच दगड आता टायर फाडतो. पाऊस पडला की काही वाटांवरील माती चाकास अशी चिकटते की चाक फिरेनासे होते. २०१५ व २०२३ या दोन्ही साली सायकली खांद्यावर घेऊन चालणाऱ्यांच्या रांगा तेथे दिसल्या. एकूण चढ दहा हजार फुटांच्या घरात जातो. एकही घाट मोठा नाही, पण उसंत म्हणून मिळत नाही.

आता पुन्हा त्या राबणाऱ्या स्वाराकडे वळावयास हवे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून एक विलक्षण प्रथा रूढ झाली. सार्वजनिक रस्त्यावर घोळक्याने शर्यत लावली तर पोलीस हरकत घेत. म्हणून एकेकट्याने, मिनिटामिनिटाच्या अंतराने, भल्या पहाटे निघावयाचे आणि घड्याळाशी झुंजावयाचे. या पंथात गिरणीतले, खाणीतले, कचेरीतले लोक भरले. सरावासाठी निराळा वेळ त्यांना नव्हताच; कामावर जाणे-येणे हाच सराव, आणि रविवारी मंडळाबरोबर लांबची फेरी.

बेरिल बर्टन ही या पंथाची सर्वांत थोर उपासक. १९३७ साली जन्मलेल्या या स्त्रीस लहानपणी संधिवाताचा ज्वर झाला होता, आणि श्रमाचे काम टाळावे असा डॉक्टरांचा सल्ला होता. ती यॉर्कशायरमधील एका शेतावर मजुरी करी. रूबार्ब नावाच्या जाड देठांच्या भाजीचे ते शेत; कुदळ मारणे आणि ओझी उचलणे हे रोजचे काम. शेताचा मालक निम कार्लाइन हा स्वतः चोवीस तासांच्या शर्यतींचा विजेता होता, तेव्हा चाकरीतून थोडी मोकळीक मिळत असेल. परंतु तो कामात सूट देणारा गृहस्थ होता असे कोणी म्हटलेले नाही. १९६७ साली बारा तासांत अधिकात अधिक अंतर कापण्याच्या शर्यतीत बर्टन पुरुषांच्या पाठोपाठ निघाली. सर्वांस मागे टाकीत ती शेवटी माइक मॅकनमारा याच्या मागे येऊन पोहोचली. तो बिचारा त्या दिवशी पुरुषांचा उच्चांक मोडीत होता. त्यास मागे टाकताना काय बोलावे हे तिला सुचेना, तेव्हा तिने खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्याच्यापुढे केली. त्यानेही ती घेतली. बारा तासांअखेर तिचे अंतर २७७.२५ मैल झाले आणि त्याचे २७६.५२. पुरुषांपैकी कोणासही तिचा आकडा ओलांडावयास आणखी दोन वर्षे लागली. स्त्रियांमध्ये तर तो पन्नास वर्षे अढळ राहिला.

बर्टनच्या उदाहरणाने एक भ्रम मात्र उत्पन्न होतो. तिला सवड नव्हती हे खरे. पण तिचे शरीर दिवसभर राबत होते. कचेरीतील खुर्चीवर आठ तास बसणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. त्याच्या मदतीस शास्त्र धावून आले, आणि ते सायकलवाल्यांकडून नव्हे तर पायी धावणाऱ्यांकडून आले. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे शिक्षक गेर्शलर व हृदयरोगतज्ज्ञ रायंडेल यांनी एक पद्धत बसविली: थोडे अंतर जोरात धावावयाचे, नाडी खाली येईतो थांबावयाचे, पुन्हा धावावयाचे. याच वळणाच्या सरावावर रॉजर बॅनिस्टर हा लंडनचा वैद्यकीय विद्यार्थी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पाव मैलाच्या दहा धावा काढून परत रुग्णालयात हजर होत असे. १९५४ च्या मे महिन्यात त्याने मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत कापले. जेवणाच्या सुट्टीत एवढे साधते, तर दिवसभर सायकल कशाला हाकावी, असे पुढे अनेकांस वाटू लागले.

शिकागोच्या रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत याचा फार चांगला पडताळा घेतला. त्यांनी काही जणांकडून आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे, दहा आठवडे कसून व्यायाम करवून घेतला. मग पुढील पंधरा आठवडे त्यात निरनिराळ्या प्रकारे काटछाट केली. दिवस सहावरून चार किंवा दोन केले, तरी कमावलेला दम टिकला. रोजचा वेळ चाळीस मिनिटांवरून सव्वीस, किंवा नुसता तेरा मिनिटांवर आणला, तरीही तो टिकला. पण व्यायामाचा जोर कमी करताच तो उतरू लागला. सवड नसलेल्या माणसास याहून आनंदाची वार्ता दुसरी नसेल. मात्र या प्रयोगांत आणखी एक निष्कर्ष होता, आणि तो कोणी मोठ्याने सांगत नाही. तेरा मिनिटेच व्यायाम करणाऱ्यांचा दम जरी टिकला, तरी दीर्घकाळ तग धरण्याची त्यांची शक्ती सुमारे एकदशांशाने घटली. सव्वीस मिनिटेवाल्यांची घटली नाही.

दम निराळा आणि चिवटपणा निराळा. छातीत प्राणवायू किती भरून घेता येतो व रक्त तो स्नायूंस किती पोहोचविते, हा दमाचा हिशेब. तो थोड्या वेळात, जोराच्या व्यायामाने वाढतो व राखता येतो. चिवटपणाचा हिशेब स्नायूंच्या आत आहे. तेथे पेशींमधील सूक्ष्म भट्ट्या प्राणवायूच्या साहाय्याने चरबी व साखर जाळतात. जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांस फिरत्या पट्ट्यावर धावावयास लावून दाखवून दिले की, या भट्ट्यांची शक्ती नियमित श्रमाने दुपटीपर्यंत वाढते. भट्ट्या मोठ्या असल्या की मंद चालीत चरबी अधिक जळते आणि साखर वाचते. आणि साखर वाचविणे हेच लांब पल्ल्याचे मर्म होय. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये बेर्गस्ट्रोम व हुल्टमन यांनी सायकल मारणाऱ्यांच्या मांडीतून सुईने स्नायूचे कण काढून पाहिले. स्नायूत साठविलेली साखर संपत आली की माणूस थकून थांबतो, असे त्यांस आढळले. हा साठा चार-पाचशे ग्रॅमांचा; जोराने गेल्यास दोन-तीन तासांत तो रिता होतो. कॅन्ससचे दोनशे मैल त्यावर निघणे शक्य नाही.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात गिबाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली केलेला प्रयोग वर्तमानपत्रांतून फार गाजला. एका गटाने दोन आठवड्यांत सहा वेळा, अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या चार ते सहा जीव तोडून मारलेल्या झेपा घेतल्या; दुसऱ्याने दीड-दोन तास शांतपणे सायकल मारली. पहिल्या गटाचे विसाव्यासह अडीच तास खर्च झाले, दुसऱ्याचे साडेदहा. आणि सुधारणा जवळजवळ सारखीच! पण त्यांची परीक्षा फार तर तासाभराची होती. तासाच्या परीक्षेवरून पंधरा तासांचा निकाल काढणे, हे मामलेदार कचेरीतील अर्जावरून हायकोर्टाचा निवाडा सांगण्यासारखे आहे.

म्हणून या शर्यतीसाठी तयारी करणारे शहाणे नोकरदार जो मार्ग धरतात तो मिश्र असतो. आठवड्यातील कामाच्या दिवशी दोनदा, तासाभराच्या आत संपणारा जोराचा व्यायाम. तोही लागोपाठच्या दिवशी नाही. एक-दोनदा सोपी, सावकाश फेरी. कामावर सायकलने जाता आले तर तीच पुरते. आणि शनिवारी किंवा रविवारी एक लांबची रपेट, जी तीन तासांपासून वाढत वाढत शर्यतीपूर्वीच्या महिन्यात सात-आठ तासांवर नेली जाते. प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यास हात आखडता घ्यावयाचा. शेवटचे दहा-बारा दिवस तर विश्रांतीचेच. यांत चुकते ते बहुधा एकाच ठिकाणी. सवड थोडी म्हणून माणूस प्रत्येक वेळी मध्यम जोराने सायकल दामटीत राहतो. जोराचा दिवस पुरेसा जोराचा होत नाही, सोपा दिवस सोपा राहत नाही, आणि महिन्याभराने पायांत शिसे भरल्यासारखे वाटू लागते. ज्यास आठवड्याचे सहा तास मिळतात त्याने सातव्या तासासाठी झोप तोडली, तर तो तास लाभाचा नसून तोट्याचा असतो.

लांबच्या रपेटीचा उपयोग केवळ स्नायूंसाठी नाही. पोटासही तालीम लागते. दर तासास साठ ते नव्वद ग्रॅम साखर किंवा पिष्ट पोटात जावयास हवे, आणि हे हिंदकळत, धुळीत, भूक मेलेली असताना. सवय नसलेले पोट आठव्या तासास बंड करते, आणि शर्यत सोडणाऱ्यांत पायांनी दगा दिलेल्यांइतकेच पोटाने दगा दिलेलेही असतात. तळहात, मान आणि बैठक यांचीही तीच कथा. खडीवरील कंप हातांत भिनतो. रुंद टायर आणि त्यांत बेताची हवा हाच त्यावर उपाय, आणि ती हवा किती ठेवावी हे घरी बसून कळत नाही. सैल खडीच्या उतारावर ब्रेक दाबण्याऐवजी अंग सैल सोडून सायकलीस वाट काढू देणे, ही कला डांबरावर शिकता येत नाही.

ज्यांना सवड होती त्यांची गोष्टही येथे आठवते. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर कापून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. इराण, इराक व सीरियाच्या वाळवंटांत खडीचाही रस्ता नव्हता. त्यांची तयारी वाटेतच झाली. पहिले महिने पुढील महिन्यांचे शिक्षक ठरले. शर्यतीत ही सोय नाही. तेथे शिकावयाचे ते आधी, आणि चुकले तर त्याची किंमत त्याच दिवशी मोजावी लागते.

२०१९ साली कॉलिन स्ट्रिकलंड याने एम्पोरियाचे दोनशे मैल दहा तासांच्या आत संपविले. हा धंदेवाईकांचा वेग. पहाटे ६ वाजता निघालेल्या स्वारांस दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत मुदत असे, आणि सूर्यास्तापूर्वी परतणाऱ्यांचा निराळा मान. रात्र पडल्यावर कमर्शियल स्ट्रीटवर, ग्रॅनडा नाट्यगृहासमोर, लोक खुर्च्या टाकून बसतात. कुरणांच्या बाजूने दिव्यांचे ठिपके एकेक करून येत राहतात, आणि मध्यरात्रीनंतर आलेल्यासाठीही घंटा व टाळ्या वाजतात. शर्यत शनिवारी असते. मध्ये एक रविवार मिळतो. सोमवारी बहुतेकांस कामावर हजर व्हावयाचे असते.